सरासरी वय सव्वाशे

आमच्या लॅबमध्ये लोक फाइल सेव्ह करायला हमखास विसरतात. किस्से मात्र आपोआप सेव्ह होतात! भिवंडीत दर रविवारी सकाळी मी नोकरी-धंदा करणाऱ्यांना कंप्युटरवर स्टॅटिस्टिक्स शिकवते. अगदी पहिल्या पायरीचं. गेल्या बॅचमधल्या तिघांनी तर मला हसवून हसवून बेजार केलं.

दत्तू म्हात्रे खारबावचे, मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये कामाला. कोर्स पास झाले तर इन्चार्ज होणार, म्हणून जीव तोडून शिकायचे. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना आपापलं वय शीटमध्ये टाकायला सांगितलं आणि सरासरी काढली. आली सव्वाशे!

शोधलं, तर दत्तूदादांनी वयाच्या जागी जन्मसाल टाकलेलं.

"मॅडम, दादा तो सबके परदादा निकले!" मागून आरिफ ओरडला.

मी समजावलं, "असा सगळ्यांपासून लांब पडलेला आकडा म्हणजे आउटलायर." झालं, वर्गाने दादांचं नावच आउटलायर ठेवलं. चार दिवसांनी त्यांच्या बायकोचा फोन! "मॅडम, पोरगी सांगते लायर म्हंजे खोटारडा. आमचा मानूस कंदी खोटा बोलत न्हाय!"

*

आरिफच्या वडिलांचा पॉवरलूमचा कारखाना. मी सांगितलं, घरचा डेटा आणा. हा कामगारांचे रोजचे चहाचे कप आणि लूम बंद पडल्याचा वेळ घेऊन आला. आलेख काढला, तर दोन्ही बरोबरीने चढलेले. चहा जास्त, तर लूम जास्त वेळ बंद!

पठ्ठ्याने तो आलेख घरी दाखवला. अब्बांनी तडकाफडकी चहा बंद केला. दुसऱ्या दिवशी कामगारांनी लूमच बंद केले!

पुढच्या रविवारी मी विचारलं, "अरे, लूम बंद कशाने पडतात?"

"लाइट गेल्यावर."

"आणि लाइट गेल्यावर कामगार काय करतात?"

आरिफने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "मॅडम, ये अब्बा को आप ही समझाओ."

*

सुजाता खासगी दवाखान्यात नर्स. गोलात वाटे दाखवणारा पाय चार्ट शिकल्यावर तिने घरकामात कोणाचा किती वाटा, त्याचा रंगीत चार्ट काढून फ्रिजवर चिकटवला. स्वतःचा हिरवा, सासूबाईंचा पिवळा.

नवऱ्याने बराच वेळ शोधलं. "माझा रंग कुठला गं?"

"झूम करावं लागेल," सुजाता म्हणाली.

त्या दिवशी नवरा भांडी घासायला उभा राहिला. दोन वाट्या आणि एक पातेलं घासून झाल्यावर हात पुसत म्हणाला, "आता चार्ट अपडेट कर!"

*

प्रश्न कोणाला विचारायचा, हे मी कंप्युटरवर सोपवलं होतं. बटण दाबलं की रँडम नाव यायचं. एकदा लागोपाठ तीनदा दत्तूदादाच आले.

"मॅडम, या मशीनची नि माजी काय दुश्मनी हाय?"

"दादा, ते कोणालाच ओळखत नाही."

"मंग वलख करून द्या ना!"

*

परीक्षेला बाहेरून आलेले सर भलतेच कडक. तोंडी परीक्षेत दत्तूदादा घामाघूम, आणि मी दाराशी उभी. सरांनी विचारलं, "दिवसपाळी आणि रातपाळी, दोन्हींतल्या मालाच्या मोडतोडीची तुलना करायची आहे. फरक आहे की नाही हे तपासण्याआधी आपण काय गृहीत धरतो? नल हायपोथेसिस सांगा."

'दोन्हींत फरक नाही' असं धरून सुरुवात करायची, हे मी महिनाभर घोकून घेतलं होतं. दादा कंप्युटरच्या पडद्यावर उत्तर शोधायला लागले. तेवढ्यात लाइट गेली आणि समोरचा कंप्युटरही बंद पडला.

"कंप्युटरशिवाय सांगा," सर म्हणाले.

दादा रुमालाने घाम पुसत राहिले.

सर चिडले. "अहो, तुम्हाला नापास केलं तर?"

दादांचा संयम सुटला. "काय फरक पडत न्हाय!"

मी डोळे मिटून घेतले.

"शाब्बास! अगदी मुद्द्याचं बोललात!" सर म्हणाले आणि भराभर मार्क लिहून मोकळे झाले.

दादा बाहेर आले ते भिंतीला टेकूनच उभे राहिले. मग हळूच मला म्हणाले, "मॅडम, मी सरांवर खवळलो, तरी शाब्बास बोललं! लय मोठ्या मनाचा मानूस हाय!"