दोन तारा गेलेली गिटार

मास्तर वाजवता वाजवता मान वळवून मागे बघायचे, तेव्हा मी नजर खाली वळवायचो. ते ऑर्गनवर बसायचे, मी त्यांच्या मागे बेस गिटार घेऊन उभा. त्या गिटारची दांडी वाकलेली होती. तिसरी तार दांडीवरच्या पाचव्या पट्टीवर दाबली की भणभणायची आणि सूर उमटला न उमटला तोच मरायचा. मान वळायची ती तेव्हाच.

आठवीतून शाळा सोडून मी वेंगुर्ल्याकडून श्रीरामपूरला आलो, त्याला वर्षही झालं नव्हतं. एकाहत्तर की बाहत्तर साल, नीट आठवत नाही. मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं, त्यांच्याच पडवीत झोपायचं, त्यांच्याच घरी जेवायचं. बोट कुठे ठेवायचं इथपासून त्यांनी मला शिकवलं होतं. म्हणून ते त्या आठवड्यात जे बोलले, ते फार लागलं. आवाज न चढवता बोलले.

"रविवारी चर्चमध्ये लग्न आहे. तोवर वाद्य शोध, पैशाचं मी बघतो. नाही मिळालं तर पुण्याहून माणूस येईल, वाद्यासकट. मग तुला इथे ठेवून मी काय करू, तूच सांग."

गावी परत जायचं म्हणजे शाळाही नाही आणि हातात कलाही नाही, अशा तोंडाने जायचं.

मी शोधत फिरलो. पुण्याच्या दुकानातली गिटार दिसायला देखणी, पण तिचा सूर पोकळ. नगरच्या छावणीत एका निवृत्त बँडवाल्याकडची अस्सल विलायती होती, पण तिची दांडी इतकी रुंद की माझं बोट चौथ्या तारेपर्यंत पोचेना. शेवटी मी एसटीच्या एका ओळखीच्या कंडक्टरला सांगून ठेवलं: बेस गिटार कुठे असेल तर कळवा. शुक्रवारी त्याचा निरोप आला. कोल्हारला, मिशनच्या डॉक्टरसाहेबाकडे पूर्वी ड्रायव्हर होता त्याच्या घरी, "बेस गिटार हाय, परदेशी."

शनिवारी दुपारी मी कोल्हारात पोचलो. ड्रायव्हर आता शेती बघत होता. त्याने घोंगडी अंथरली, चहा दिला आणि धोतरात गुंडाळलेली गिटार माझ्यापुढे ठेवली. मी कापड बाजूला केलं. सहा तारा.

"ही बेस नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

"न्हाई बेस?" त्याचा चेहरा उतरला. "हात बी न लावता? आरं, सायबाची मडम रोज वाजवायची. लई बेस हाय ती."

"चांगली आहे हो. पण बेस नाही."

"ऐकलंस का आये? पावनं म्हनत्यात, चांगली हाय पन बेस न्हाई!"

आतून म्हातारीचा आवाज आला, "मंग ह्येला सोन्याची पायजे आसंल."

तेव्हा कुठे मला उमगलं. तिकडे चांगल्याला बेस म्हणतात. शब्द कानावरून शंभरदा गेला असेल, पण माझ्या डोक्यात माझं वाद्यच बसलेलं. परतीची बस हातची जाईल, हा माणूस रागावून उठेल, उद्या पुण्याचा माणूस येईल. मी चार बोटं वर केली.

"चारच तारा. जाड. ढम्म वाजते ती. तिचं नावच बेस."

"चार?" तो माझ्या बोटांकडे बघत राहिला. "आरं, ती तर माळ्यावर हाय! तिच्या दोन तारा गेल्यात. मोडकी वस्तू पावन्याला कशी दावायची?"

पोत्यांमागून ती खाली आली. जांभळट रंग, वर धुळीचा थर. मी एक डोळा मिटून दांडीवरून नजर फिरवली. सरळ होती. तारा पिळायच्या खुंट्याही अडखळल्या नाहीत. पण अॅम्प्लिफायरशिवाय बेसचा सूर कळणार कसा? मी गिटारचं डोकं दाराच्या फळीला टेकवलं आणि तिसरी तार पाचव्या पट्टीवर दाबली.

दार घुमलं. मी मनात आठपर्यंत मोजलं, सूर होताच. म्हातारी धान्य निवडायचं सूप ठेवून बाहेर आली आणि तिने फळीवर तळहात टेकवला.

"दार बोलतंय की रं!"

ड्रायव्हरने हाताने गिटारवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "सायेब जाताना बोल्ला हुता, इकू नगं, वाजवनाऱ्याला दे. उद्या वाजव. सोमवारी घिऊन ये. मंग बघू."

संध्याकाळी मी तिच्या उरलेल्या दोन गंजलेल्या तारा, आणि गेलेल्यांच्या जागी लावायला माझ्या जुन्या गिटारच्या दोन, काढून पातेल्यात उकळत ठेवल्या. मळ सुटला की मेलेली तार पुन्हा बोलते. मास्तरांच्या बायकोने झाकण उघडून पाहिलं. "कशाची भाजी रे ही? मीठ टाकलंस का?" मी हसत हसत पातेलं उतरवलं.

लग्नात पहिली तीन गाणी मी मास्तरांच्या मानेकडे बघत वाजवली. चौथ्याला ती वळली. मी थांबलो नाही. मास्तरांनी डावा हात ऑर्गनवरून उचलला आणि तळवा वरच्या दिशेने हलवला. आवाज वाढव.

सोमवारी मी गिटार घेऊन कोल्हारला गेलो. ड्रायव्हरने ती हातातही घेतली नाही.

"ने. पन मधनं मधनं येत जा. तवापास्नं म्हातारी दाराला कान लावून बसती."