फारकतीचं भाषांतर

मांजरसुंब्याच्या फाट्यावर माय आणि मी मुंबईच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत बसलो होतो. दिवस मावळायला आला होता. माझ्या मांडीवर कागदांची फाईल होती. मायनं ती ओढून घेतली. तिला वाचता येत नाही, पण एकेक कागद उलटत गेली आणि एक मात्र बरोबर ओळखला. घडीवर फाटत आलेला स्टॅम्प पेपर, खाली पाच अंगठे. तो तिनं काढून आपल्या पिशवीत खोचला.

"ह्ये इथंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लगीन झालतं म्हनून तिकडं कुनालाबी सांगू नको. कोन इचारतंय?"

गाडी आली. मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मी व्हिएतनामला निघाले.

तुमच्यातल्या ज्या माझ्यासारख्या गाव सोडून गेल्या आणि ज्या मागं राहिल्या, त्या दोघींसाठी हे लिहितेय. ज्यांच्या फाईलीतून असा एखादा कागद काढून ठेवलेला असेल, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

माझं लग्न चौदाव्या वर्षी झालं. बाप नव्हता, घरात आम्ही दोघीच, आणि माय दिवाळीनंतर सहा महिने उसाच्या फडावर जायची. वयात आलेली पोर फडावरच्या झोपडीत, कोपीत किती दिवस ठेवायची, असं तिला वाटलं. सिरसाळ्याच्या अशोकशी तिनं माझं लग्न लावून दिलं. तोही एकोणीसचाच होता. आमचं पटलं नाही, एवढंच सांगते. त्यानं मारलं नाही, छळही केला नाही. आम्ही दोघंही एकमेकांना बघून गप्प व्हायचो. तीन वर्षांनी दोन्हीकडची माणसं बसली, पानसुपारी झाली आणि स्टॅम्प पेपरवर फारकत लिहून दिली. कोर्टात न जाता झालेली अशी फारकत आपल्याकडं सगळ्यांनाच माहीत आहे. त्याचं दुसरं लग्न झालं. मी पुण्याला एका योगवर्गात झाडलोट करायला लागले. झाडता झाडता आसनं शिकले, परीक्षा दिल्या, शिकवायला लागले. तिथूनच मला दा नांग शहरातलं काम मिळालं. तिकडं भारतातल्या योगशिक्षकांना मान आहे.

सुरुवातीची वर्षं हलकी गेली. समुद्र जवळ. सकाळचे दोन वर्ग, संध्याकाळचे दोन. भाकरीसाठी जीव तुटायचा, पण तांदळाच्या शेवयांच्या रश्श्याची सवय झाली. हॉलमधला बिघडलेला एसी दुरुस्त करायला तुआन यायचा. एसी इतक्या वेळा कसा बिघडतो, हे मला फार उशिरा कळलं. लग्न करायचं ठरलं तेव्हा मला दिवस गेले होते.

लग्न नोंदवायला कचेरीत माझे कागद व्हिएतनामी भाषेत करून आणायला सांगितले. साधं भाषांतर चालत नाही. नोंदणीकृत भाषांतरकारानं ते करून खाली सही करायची आणि त्यावर सरकारी शिक्का घ्यायचा. लिएनबाई अशा भाषांतरकार होत्या. साठीच्या, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांच्याकडं बाहेरून आलेल्यांची रांग असायची. कोरियन, रशियन, आफ्रिकेतली पोरं. सगळ्यांच्या हातात आपापल्या फाईली.

बाईंनी माझे कागद शेजारीशेजारी मांडले आणि इंग्रजीत विचारलं, "शाळेच्या दाखल्यावर तुझ्या नावापुढं बाबुराव आहे. पासपोर्टवर अशोक आहे. बाबुराव वडील. मग अशोक कोण?"

आधार कार्ड सिरसाळ्याला असताना काढलं होतं, त्यावरूनच पुढं पासपोर्ट झाला. लिहिणारे लिहीत गेले आणि मी ते नाव जन्मभर चिकटल्यासारखं वागवत आले. तुआन शेजारीच बसला होता. त्यालाही मी काही सांगितलं नव्हतं. 'भाऊ' म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. पण बाई पेन उघडून बसल्या होत्या, आणि मी जे सांगेन ते त्या सहीनिशी लिहिणार होत्या.

"नवरा होता," मी म्हणाले.

तुआननं माझ्याकडं बघितलं नाही. रात्री मी त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढं ठेवत एवढंच म्हणाला, "तुला तेव्हा चौदावं वर्ष होतं. मी चौदा वर्षांचा असताना पतंग उडवत होतो."

मायला फोन केला. ती फारकतीचा कागद घेऊन एकटी बीडला गेली, कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून इंग्रजी करून घेतलं, नोटरीचा शिक्का घेतला आणि पाठवून दिलं. टायपिंगवाल्यानं फारकतीला 'सेपरेशन' लिहिलं होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. लिएनबाईंनी मात्र दोनदा वाचलं.

"याला आमच्यात ली थान म्हणतात," त्या म्हणाल्या. "वेगळं राहणं. लग्न मोडणं म्हणजे ली होन. या कागदाप्रमाणं तुझं लग्न अजून आहे."

"पण मोडलंय! सगळ्या गावाला माहितेय. तुम्ही फक्त तो दुसरा शब्द लिहा ना."

"एक शब्द आहे, मलाही दिसतंय." त्यांनी चष्मा काढला. "पोरी, कागदात नाही ते मी लिहिलं, तर उद्या माझ्या सहीवर कोण विश्वास ठेवेल? बाहेर बसलेत ना, त्यांचं काय होईल?"

त्या दिवशी मला त्या बाईचा फार राग आला होता.

मुलगी झाली. तिचं नाव माई ठेवलं. तिकडं ते एका पिवळ्या फुलाचं नाव आहे आणि आपल्याला तर ते परकं नाहीच. जन्म नोंदवायला वॉर्डाच्या कचेरीत गेलो तर तिथल्या माणसानं फाईल चाळली आणि अवघडून सांगितलं, की आईचं लग्न कागदावर चालू असेल तर बाळाचा बाप म्हणून कायदा तिच्या नवऱ्यालाच धरतो. म्हणजे दा नांगच्या दवाखान्यात जन्मलेल्या, तुआनचं नाक घेऊन आलेल्या माझ्या लेकीच्या दाखल्यावर सिरसाळ्याच्या अशोकचं नाव लागणार.

आम्ही नोंद केली नाही. नोंद नाही म्हणून तिला पासपोर्ट नाही. पासपोर्ट नाही म्हणून तिला घेऊन देश सोडता येत नाही. आणि कागद नीट करायचे तर मला बीडला जायला हवं. किती महिने मी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या, सांगता येत नाही. दार उघडं असायचं, समोर रस्ता वाहत असायचा, आणि मला मात्र कुठंच जाता येत नव्हतं. राहिले तर पोरीला नाव नाही, गेले तर पोर मागं.

माई नऊ महिन्यांची असताना तिला तुआन आणि त्याच्या आईजवळ ठेवून मी निघाले. मुंबईपासून आमच्या गावापर्यंत, वडवणीपर्यंत एस.टी.त माझं दूध पाझरत होतं आणि मी ओढणी घट्ट गुंडाळून बसले होते.

बीडच्या वकीलबाईंनी समजावलं. आता नव्यानं घटस्फोट घेतला, तर जुनी फारकत खोटी ठरेल आणि माईच्या जन्मावेळी माझं लग्न चालूच होतं असं होईल. त्यापेक्षा समाजात फारकतीची रीत आहे आणि ती तेव्हाच खरी झाली, असं कोर्टाकडून ठरवून घ्यायचं. त्यासाठी अशोकनं आणि बैठकीत हजर असलेल्या माणसानं येऊन सांगायला हवं. अंगठेवाल्या पाचांपैकी चार वारले होते. पाचवा अंगठा मायचा होता.

सिरसाळ्यात अशोकचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, मागंच घर. बारा वर्षांनी मला दारात बघून तो हातातलं वायरचं भेंडोळं धरून तसाच उभा राहिला.

"कावून आलीस?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, भीती होती.

मी सगळं सांगितलं. त्याची बायको सविता दाराशी उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, ती आता मला हाकलून देईल.

"म्हंजी ती फारकत खरी न्हाई?" तिनं विचारलं.

"कोर्टानं म्हटलं तर खरी."

"आन् न्हाई म्हनलं तर? मी कोन मग? माजी दोन लेकरं कुनाची ठरतील?"

त्या एका कागदावर फक्त मीच अडकले आहे, असं मी इतके दिवस धरून चालले होते. ही बाई तर त्यावर संसार मांडून बसली होती आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

अशोकनं भेंडोळं खाली ठेवलं. "मी येतो कोर्टात," तो म्हणाला. "पर तुज्यासाटी न्हाई. हिच्यासाटी येतो."

"चालंल," मी म्हणाले. सवितानं मला चहा दिला.

अकरा महिने लागले. तारखा पडत गेल्या. तुआन रोज व्हिडिओ लावायचा. माई रांगताना दिसली, उभी राहताना दिसली. मग मोबाईल पुढं धरला की तोंड फिरवायला लागली.

मायची साक्ष झाली तो दिवस मी विसरणार नाही. वकीलबाईंनी तिला पढवलं होतं, "फक्त रीत आहे एवढंच सांगा, बाकी काही बोलू नका." माय कठड्याला धरून उभी राहिली. आधी पढवलेलं बोलली. मग थांबली आणि न विचारताच म्हणाली, "सायेब, लगीनबी मीच लावलं. चौदा वर्साची व्हती पोर. चूक माजी हाय. फारकतबी मीच मागून घेतली, पोर सुकत चाललीती म्हनून. मला काय बी शिक्षा द्या, पर तिला मोकळी करा."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं. "आजी, तुम्हाला कुणी शिक्षा देत नाही. बसा," ते म्हणाले.

कुणाला सांगू नको, असं जन्मभर मला बजावणारी माझी माय भरल्या कोर्टात ते सगळं मोठ्यानं बोलली होती. बाहेर आल्यावर पायरीवर बसली आणि पाणी मागितलं. मी तिला माझ्या हातानं पाजलं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. निकालाच्या कागदावर मुंबईचा शिक्का, दिल्लीचा शिक्का, मग विमान. लिएनबाईंनी निकालाचं इंग्रजी भाषांतर सावकाश वाचलं आणि त्याच टेबलावर ली होन असं लिहिलं, फारकतीच्या तारखेसकट. सही करून मला म्हणाल्या, "आता हे कुणीही तपासू दे." माझा राग कधी गेला होता कोण जाणे. मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्या गोंधळून उभ्याच राहिल्या.

घरी मात्र माझी लेक आजीच्या पायामागं लपली. व्हिएतनामीत माणसाला हाक मारायची तर नात्यानंच मारावी लागते. तिनं मला 'को' म्हटलं. को म्हणजे कुणीही अनोळखी बाई, मावशी-आत्यासारखी. 'मे', म्हणजे आई, म्हणायला तिला पुढं दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांचा विषय मी कुणापाशी काढत नाही.

आमचं लग्न नोंदवलं गेलं आणि माईचा जन्मही. कचेरीतला माणूस तोच होता. त्यानं बापाच्या रकान्यात तुआनचं नाव घातलं आणि विचारलं, "मूळ गाव? इथं आई-बाप ठरवतील ते लिहितो. वडिलांचं की आईचं?"

तुआन म्हणाला, "तू सांग."

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी निवडायला सांगत होतं. वडवणी म्हणायचं तोंडावर आलं होतं. आठवडी बाजार, मायचं पत्र्याचं घर, लिंबाखालचा हौद, सगळं त्या एका शब्दात आलं असतं. पण त्याच घरासमोर चौदाव्या वर्षी मला हळद लागली होती. मी तुआनच्या वडिलांच्या गावाचं नाव सांगितलं. त्या माणसानं ते लिहून घेतलं.

मी अजूनही अडकलेलीच आहे. इथं असले की मायचं वय मोजते, तिथं गेले की लेकीचं. वडवणीत मला राहता येणार नाही आणि वडवणीची नाही असंही कधी म्हणता येणार नाही. माझ्यापुरतं घर आता एवढंच उरलंय.

संध्याकाळी मायला फोन करून सांगितलं, माईच्या कागदावर आपलं गाव घातलं नाही.

"बरं केलंस," माय म्हणाली.

पण तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.