मामाचे बाण

माझा मामा कंपन्यांच्या संचालक मंडळांचं मूल्यमापन करतो. म्हणजे नक्की काय, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आजोबा शेजाऱ्यांना सांगतात, "मोठी माणसं बैठकीला बसतात, हा कोपऱ्यात बसून त्यांना मार्क देतो." मामाला ही व्याख्या अपमानास्पद वाटते, पण याहून बरी त्यालाही सुचलेली नाही.

आपलं मंडळ नीट चालतंय का, हे बघायला कंपनी अधूनमधून बाहेरच्या माणसाला बोलावते. हे बाहेरचं असणं मामा इतकं जपतो की कंपनीचा चहासुद्धा घेत नाही. थर्मास घरून नेतो.

"एका बिस्किटाने विकले जाणार आहात का हो?" मामी विचारते.

"सुरुवात बिस्किटानेच होते," असं म्हणून मामा घरची बिस्किटं डब्यात भरतो.

कोण काय बोललं यापेक्षा, बोलण्याआधी कुणी कुणाकडे पाहिलं हे तो टिपून ठेवतो. मी इंजिनीअर, नोकरीसाठी त्याच्याकडेच राहते, म्हणून त्या टिपणांच्या आकृत्या माझ्या गळ्यात. माणसाचा गोल, नजरेचा बाण. चांगल्या मंडळाची आकृती गुंता झालेल्या लोकरीसारखी दिसते. बिघडलेल्या मंडळात सगळे बाण एकाच गोलात घुसतात.

परवा मामीला दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयाने वर्षभरासाठी बोलावलं. मामी फिजिओथेरपिस्ट आहे. तिथे तिला अख्खा विभाग स्वतः उभा करायला मिळणार होता. सोमवारी उत्तर द्यायचं होतं, आणि रविवारी जेवताना विषय निघाला.

"मला वाटतं..." मामीने सुरुवात केली, मामाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघू."

ताईने, म्हणजे मामाच्या मुलीने, तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं आणि त्यात घास कोंबला. आजोबांनी मुलाकडे पाहून "तो म्हणेल तसं" म्हटलं. मी नुसतं पाणी मागितलं, तेही मामाकडे बघून.

मामा मात्र खुशीत. "आपल्या घरात कसं, सगळं मोकळेपणी बोलून ठरतं."

मला राहवेना. जेवण झाल्यावर लॅपटॉपवर पाच गोल काढले, बाण काढले आणि नावं न लिहिता त्याच्यापुढे ठेवले.

मामाने चष्मा चढवला. "अरे बापरे, हे मंडळ आहे की दरबार? सगळे याच्याच तोंडाकडे बघतायत, आणि हा कुणाकडे ढुंकूनही बघत नाही. वर या गृहस्थाला वाटत असणार, चर्चा कशी अगदी मोकळी होते!"

"वाटतं खरं. मग शिफारस काय?"

"एका बैठकीपुरतं बाहेर काढा त्याला. परत आला की सगळ्यांत शेवटी बोलू द्या. कुठली गं कंपनी?"

"आपलं जेवणाचं टेबल."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

मामाने बोट ठेवून पाचही गोल मोजले. मग म्हणाला, "तू बाहेरची नाहीस. हा अहवाल ग्राह्य धरता येणार नाही."

"कबूल. तुझी बिस्किटं मी रोज खाते. पण शिफारस तुझी आहे."

तो उठला, थर्मास घेतला आणि बाल्कनीत जाऊन दार लावून घेतलं.

मामी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर आली. मग आजोबाच म्हणाले, "सूनबाई, तू जा. आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?"

"बाबांना साधा कुकर लावता येत नाही," ताई म्हणाली.

"शिकेल. घोडा झालाय."

मामी खळखळून हसली. मग हात पुसत म्हणाली, "मला जायचंय." त्यात "बघू" कुठेच नव्हतं.

काचेला नाक लावून उभ्या असलेल्या मामाला मी आत घेतलं.

"माझं मत कुणी विचारणार आहे का?"

"विचारतोय की," मामी म्हणाली. "बोला."

मामाने आजोबांकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. मामीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"कुकरला शिट्ट्या किती करायच्या?" त्याने विचारलं.