के म्हणजे काना

टायपिस्ट काकूंकडे कॉम्प्युटरचं गाऱ्हाणं घेऊन जायचं, तर आधी बोलणी खायची तयारी ठेवावी लागते. एकतीस वर्षं कचेरीत टंकलेखन केलेली बाई. साहेबांच्या मसुद्यातल्या चुका साहेबांनाच दाखवायची खोड निवृत्तीनंतरही गेली नाही, उलट आता वेळ भरपूर म्हणून वाढलीच.

"पडद्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा," हा त्यांचा पहिला आणि शेवटचा उपाय. आणि खरंच आहे हो ते. लोक चौकट दिसली रे दिसली की 'ओके' दाबून मोकळे होतात आणि मग कॉम्प्युटर बिघडला म्हणून गळा काढतात. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर तर आठवडाभर ईमेलच्या नावानं शंख करत होते. पासवर्ड बरोबर, तरी मेला चूक म्हणतो. काकूंनी जाऊन पाहिलं तर कीबोर्ड मराठीवर राहिलेला. मास्तर इंग्रजी समजून मराठी बडवत होते, आणि वर नुसते ठिपके उमटत असल्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता.

"मास्तर, जन्मभर पोरांना सांगितलंत ना, प्रश्न नीट वाचा म्हणून?" काकू म्हणाल्या. मास्तर निमूटपणे चहा टाकायला उठले.

तर अशा या काकूंच्या दारात एका सकाळी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला येऊन उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, बोलायला कमी. त्यानं खिशातून घडीचा रुमाल काढला आणि रुमालातून पेनड्राइव्ह.

"काकू, यात एक फाइल आहे. ठेवायची की पुसायची, तेवढं सांगा. सहा वर्षं झाली. आज काय तो निकाल लावायचा."

फाइल त्याच्या ताईची होती. ताई त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठी. हा तान्हा असताना आई गेली, तेव्हापासून तिनंच याला आईच्या मायेनं वाढवलं. शेवटच्या वर्षात मात्र तिला विसरायला व्हायला लागलं. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची.

"दुपारभर दुकानातल्या पावत्यांच्या कॉम्प्युटरवर बसून बटणं दाबायची. मी कधी डोकावून बघितलं नाही. वाटायचं, दाबू दे, जीव रमतोय. ती गेल्यावर कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं सगळं काढून नव्यानं भरलं, एवढी फाइल वाचली. उघडली तर हे असं."

काकूंनी फाइल उघडली. चार पानं भरून इंग्रजी अक्षरं, एका शब्दाला अर्थ नाही. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं.

"खराब झालीय," काकू लगेच म्हणाल्या.

"नाही काकू. फाइल नाही खराब." इस्त्रीवाला स्वतःच्या पायांकडे बघत होता. "डोकं गेलं होतं तिचं. शेवटी शेवटी मला 'अहो' म्हणायची. 'अहो, तुम्ही जेवलात का?' परक्याशी बोलावं तसं. जन्मभर गुंड्या म्हणून हाक मारली, आणि जाताना मी कोण ते माहीत नव्हतं तिला. त्याचं दुःख तर आहेच. पण हे बघितलं की वाटतं, आत काहीच उरलं नव्हतं."

काकू पडद्याकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की ओळीओळीला 'के' आहे. दर दोन-तीन अक्षरांनी के. इतके के कुठल्या भाषेत असतात? त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट टेबलावर आपसूक हललं, आणि काकूंना उलगडा झाला. जुन्या मराठी टाइपरायटरवर के च्या जागी काना होता.

"ताई टायपिंग शिकल्या होत्या?"

"लग्नाच्या वयात. परीक्षाही दिली होती. चाळीसचा स्पीड होता म्हणायची. नोकरी नाही करता आली, मी होतो ना पदरात."

"अहो, मग हे मराठी आहे. तुमच्या कॉम्प्युटरवरचा जुना फॉन्ट दुरुस्तीवाल्यानं उडवला, माझ्याकडेही तो नाही, म्हणून इंग्रजी दिसतंय. वाचा वाचा म्हणून जगाच्या मागे लागते, आणि मीच न वाचता निकाल दिला. शरम वाटायला हवी मला."

आता गंमत अशी, की काकूंना ते डोळ्यांनी वाचता येईना. पण बोटं कुठे विसरतात? त्यांनी कीबोर्ड पुढ्यात ओढला, अक्षर बघायचं आणि त्याचं बटण हलकेच दाबायचं, की बोट सांगायचं, हा म, हा र, ही पहिली वेलांटी. बोटांमागून शब्द तोंडात यायला लागले.

"'मला विसरायला होतंय. म्हणून आठवतंय तोवर लिहून ठेवते. गुंड्या उशिरा चालायला लागला. लोक नावं ठेवायचे. मी म्हणायचे, त्याला घाई नाही.'"

इस्त्रीवाला स्टूल ओढून पडद्याजवळ बसला.

पहिल्या तीन पानांत एक चूक नव्हती. काकूंना त्या न पाहिलेल्या बाईचा अभिमानच वाटला. चौथ्या पानावर अक्षरं सुटायला लागली, वाक्यं अर्ध्यावर थांबायला लागली. काकू कधी नव्हे ते चुका न काढता, आहे तसं वाचत गेल्या. शेवटच्या ओळी अशा होत्या:

"'समोर एक जण इस्त्री करतोय. रोज दिसतो. नाव आठवत नाही. त्याला विचारायची लाज वाटते, वाईट वाटेल त्याला. म्हणून अहो म्हणते. पण आपला आहे.'"

काकूंची बोटं थांबली. इस्त्रीवाल्यानं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं होतं. काकूंनी डोळे पुसले, लपवाछपवी न करता.

"आपलाच लिहिलंय ना, काकू? तुमच्या मनचं नाही ना घातलंत?"

"नाही. ताईंनीच लिहिलंय, आणि नीट लिहिलंय."

"मला दाखवा. कुठली बटणं?"

काकूंनी त्याचं बोट धरलं. इस्त्रीच्या चटक्यांनी टोकाला राठ झालेलं जाड बोट. ते त्यांनी एकेका बटणावर नेलं, अ, काना, मग प, मग ल, पुन्हा काना. त्यानं हात सोडवून घेतला आणि स्वतःचं स्वतः पुन्हा दाबून पाहिलं, सावकाश, मग आणखी एकदा.