चाळीस किलोंची अट

आमची ताई खेळ बनवायची. खेळ म्हणजे पत्ते-सोंगट्या नव्हेत. पाय पडला की उजळणाऱ्या, पाटाएवढ्या फरश्या. तिचा हट्ट एकच. एकट्यानं उभं राहून काही व्हायचं नाही. दोन फरश्यांवर दोन माणसं एकदम उभी राहिली, तरच दोन्ही उजळायच्या आणि सूर वाजायचा. "माणसाला माणूस लागतं," म्हणायची. मी म्हणायचे, "मग घरातल्या माणसांशी बोल की जरा!" पण तिचं डोकं सदा तारांत.

बाबा गेल्यापासून आई खिडकीपाशी खुर्चीत बसून असायची. शेजारच्या काकूंकडेसुद्धा जाईना. या फरश्या वृद्धांच्या केंद्रासाठी होत्या, पण ते निमित्त. ताईला आईला खुर्चीतून उठवायचं होतं.

तयार झाल्यावर पुढच्या खोलीत मांडल्या आणि काकूंना बोलावलं. आईला मीच दंडाला धरून उठवलं. "ऊठ गं, लेकीनं वर्षभर डोळे फोडलेत!" काकू एका फरशीवर, आई दुसरीवर. काही नाही. ताईनं तारा तपासल्या, फरशी उलटी करून पुन्हा डाख दिला. तरी काही नाही. मला राहवेना. तरातरा जाऊन आईच्या जागी उभी राहिले, तर काय, लख्ख उजेड! काकूंनी टाळ्या पिटल्या.

"माझ्यानं नाही उजळत गं," आई म्हणाली आणि खुर्चीकडे वळली.

ताई जमिनीवर बसली होती ती बसूनच राहिली. कुणी सामान ठेवलं तर फरशी उजळू नये, म्हणून तिनं चाळीस किलोंची अट घातली होती. चाळीसच्या खाली असेल ते माणूस नाही.

वजनकाट्यावर आई छत्तीस भरली.

मी शिंपीण. लोकांची मापं घेऊन पोट भरते. त्या वर्षात आईचे कपडे मी दोनदा आत घेतले होते, आणि वयानं होतं असं म्हणून सोडून दिलं होतं. ती "जेवले मी" म्हणायची, आम्ही "बरं" म्हणायचो. मेली अक्कल कुठं गेली होती आमची! डॉक्टरांनी पोटातलं दुखणं सांगितलं, आणि उशीर झालाय हेही सांगितलं.

ताईनं आकडा पस्तिसावर आणला. "अगं बाई, उजळली की!" आई केवढ्यांदा ओरडली. मग रोज चारच्या ठोक्याला काकू हजर. तू पाय उशिरा टाकलास, नाही तूच टाकलास, म्हणून दोघी भांडायच्या आणि भांडता भांडता हसायच्या. आईचं वजन उतरेल तसा ताई तिला न सांगता आकडा उतरवायची. चौतीस. बत्तीस. एकतिसावर आई चार दिवस खेळली. पाचव्या दिवशी काकू येऊन नुसत्या उशाशी बसल्या. महिन्याभरात आई गेली.

पुढं फरश्या केंद्रात बसल्या. आठवड्यानं तिथल्या व्यवस्थापकांचा फोन आला. "अहो, एकीवर धान्याचं पोतं टेकवलं आणि दुसरीवर कुणी उभं राहिलं, तरी उजळतात. तेवढा आकडा वाढवून द्या ना."

"नाही वाढवणार," ताई म्हणाली. "पोतं उजळलं तर उजळू द्या. माणूस उजळायचं राहता कामा नये."