क्लाविसच्या वारसांची नोंद

या वर्षी आखाजीच्या चार दिवस आधी जळगावच्या पिंप्राळ्यातले आमचे शेजारी, निवृत्त तलाठी आबा, शिरपूरला मोठ्या बहिणीकडे, अक्कांकडे गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. मी सोबत होतो. वडिलांच्या शेतावरचा हक्क सोडल्याची सही आबांनी अक्कांकडून घेतली, तेव्हापासून त्या आखाजीला माहेरी आल्या नव्हत्या. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा आमच्याकडे लेकींनी माहेरी यायचाच सण.

जगातली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी मागे वारसाने येते, असं मानणारा आबांसारखा दुसरा माणूस जळगावात नसेल. नोकरीत आबांनी मयतांच्या जागी वारसांची नावं लावली. नोकरी संपल्यावर हाताशी जमिनी राहिल्या नाहीत, तेव्हा त्यांनी शब्द घेतले. धुळ्याच्या रद्दीवाल्याकडून तीन जाड शब्दकोश आणले आणि वह्यांना तलाठी दप्तरासारखे रकाने आखले. सुरुवात चावीपासून झाली. स्कूटरची चावी हरवली म्हणून ते चावीवाल्याकडे गेले आणि ती पोर्तुगिजांच्या जहाजातून कशी उतरली, तिचं मूळ लॅटिनमधलं 'क्लाविस' कसं, हे त्याला तासभर ऐकवलं. चावीवाला म्हणाला, "मूळ राहू द्या आबा, गाडी कुठं लावलीय ते सांगा."

घरी येऊन आबांनी रीतसर नोंद घातली. मयत : क्लाविस, राहणार रोम. वारस : इटलीची कियावे, स्पेनची यावे, फ्रान्सची क्ले, पोर्तुगालची शाव्ह. आपली चावी शाव्हची मानलेली मुलगी म्हणून शेऱ्याच्या रकान्यात. ही नोंद त्यांनी कॉलनीच्या फलकावर लावली आणि खाली लिहिलं, 'हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.' कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने विचारलं, "ही क्लाविसबाई कोणत्या गल्लीतली? गेली कधी?" आबांनी त्यालाही शांतपणे सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी दूध उशिरा आलं.

बाराव्या दिवशी हरकत मी घेतली. रुमानियात चावीला 'केये' म्हणतात आणि तीही क्लाविसचीच लेक, हे मला कळलं होतं. आबांनी शब्दकोश उघडून खात्री केली. मग चष्मा काढून म्हणाले, "भाऊ, ती पार लांब पडली. तिकडून कोण येतं भांडायला? नाव नसलं तर काय बिघडतं?"

भाजी निवडत बसलेल्या आबांच्या बायकोने, काकूंनी, मान वर केली नाही. "अक्काकडून सही घेतली तवय बी तुम्ही हाईच बोलनात," त्या म्हणाल्या.

तीस वर्षांच्या नोकरीत आपली एकही नोंद चुकली नाही, असं सांगणाऱ्या आबांनी वही मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला धुळ्याच्या गाडीची वेळ विचारली. धुळ्याला आम्ही शिरपूरची गाडी धरली. प्रवासात त्यांनी एकाही शब्दाचं मूळ सांगितलं नाही.

अक्का ओट्यावर गहू पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"अकरा वरीस लागनात तुले रस्ता सापडाले?"

"अक्का, बक्षीसपत्र करून देतो. तुझा हिस्सा तुझ्या नावावर."

"वावर तुलेच ऱ्हाऊ दे. सही घेतली तवय माले इचारं व्हतं का, ते सांग."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "नाही विचारलं," ते म्हणाले. "चुकलं माझं."

अक्कांनी सूप खाली ठेवलं आणि उठून चहा केला. दोन कप आणले. एक मला दिला, दुसरा आबांच्या शेजारी जमिनीवर ठेवला. निघताना आबा म्हणाले, "आखाजीला ये." त्यावर अक्कांनी दार लोटून घेतलं.

आखाजीला अक्का आल्या नाहीत. काकूंनी केलेल्या खापरावरच्या पुरणपोळ्यांतली एक आबांनी झाकून ठेवली होती. ती संध्याकाळी गाईला घातली. तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने अक्का आल्या. त्या चार दिवस राहिल्या.