मैनाबाईचा रेचा आणि परसोबाची तिथी

परसोबाची पोथी आपल्याला सगळी तोंडपाठ आहे, समोर उघडून ठेवतो ती नुसती रीत म्हणून, असं खुशालराव अकोटात ज्याला त्याला सांगत. कुणी परीक्षा घेतली नाही, म्हणून ते खरंही ठरलं होतं.

परसोबा हा त्यांच्याच आळीतला कवी. ऐंशी वर्षांपूर्वी मार्गशीर्ष वद्य पंचमीला वारला आणि मागे चारशे ओव्यांची एक पोथी ठेवून गेला. दरसाल त्या तिथीला मारुतीच्या देवळात ती पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत एका बैठकीत वाचायची, असा आळीचा नेम. एकही वर्ष चुकलं नव्हतं. पोथीची दुसरी नक्कल मात्र कुणी केली नव्हती. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत खुशालरावांच्या आज्याने ती लोडात शिवून लपवली होती. पेंढारी कधीच गेले, पण वाचन झालं की पोथी लोडात शिवून टाकायची ही चाल घरात राहिली.

मैनाबाई ही खुशालरावांची बायको. चांदूरकडची. नऊ वर्षांची होती तेव्हा या घरात आली आणि सासूने तिला सरकी काढायच्या लाकडी रेच्यापाशी बसवलं. एका हाताने कापूस लावायचा, दुसऱ्याने दांडा फिरवायचा, सरकी अलीकडे, रुई पलीकडे. एकतीस वर्षं हेच. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर गेला होता. अक्षरओळख नव्हती. तिथीच्या आधी महिनाभर खुशालराव ओसरीवर वाचनाचा सराव करत आणि कापसाचे दिवस असल्याने तिचा रेचाही तिथेच कुरकुरत असे. "तुह्या या कुरकुरीनं परसोबाचा गळा दाबला जाते," असं ते तिला दरसाल ऐकवत. ती दांड्याला तेल घाली आणि पुन्हा फिरवू लागे.

त्या वर्षी सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्या कापसासाठी वखवखल्या होत्या. शेतातला कापूस सरला, तशी माणसं गाद्या विकू लागली. कोण जमिनीवर निजतो आणि कोणाच्या बायकोच्या गळ्यात नवी पुतळ्यांची माळ आली, एवढ्यावर आळीचे दिवस मजेत चालले होते. खुशालराव तरी मागे का राहतील? मैनाबाई धुणं घेऊन ओढ्यावर गेली असताना त्यांनी घरातल्या दोन सारख्या लोडांपैकी एक इनायतुल्ला दलालाच्या काट्यावर नेऊन ठेवला. वजन चांगलं भरलं म्हणून त्या दिवशी स्वारी खुशीत होती.

कापसाच्या भावाच्या नादात त्या वर्षी सराव राहूनच गेला. तिथीला चार दिवस उरले तेव्हा पोथी काढायला उरलेला लोड त्यांनी उसवला. आतून कापूस निघाला, आणखी कापूस निघाला, मग रिकामी खोळ हातात आली.

इनायतुल्ला भला माणूस. त्याने आपलं अख्खं आवार उपसून पाहिलं. पण लोड उसवायलाही कुणाला सवड नव्हती. तसाच गाडीत भरला गेला होता आणि गाड्या जाऊन वीस दिवस झाले होते. "खुशालरावजी, परसोबा तो विलायत चले," असं तो म्हणाला खरा, पण हसू त्यालाही आलं नाही.

खुशालराव ओसरीवर येऊन बसले. आता डोळे मिटून आठवायचं. दहा ओव्या झरझर आल्या. अकरावी काही केल्या आठवेना. तीस वर्षं वाचत आलेला माणूस, पण नजर कायम पानावर, पानाबाहेर काहीच उतरलं नव्हतं. परसोबा आपल्या हातून मेला, याच विचारात ते डोकं धरून बसले.

रेचा कुरकुरत होता आणि त्याच्या लयीत अकरावी ओवी चालली होती. मग बारावी. मग तेरावी.

खुशालरावांनी मान वर केली. मैनाबाईचं लक्ष कापसात होतं. त्यांनी तिला थांबवून पुन्हा म्हणायला सांगितलं, तर एक शब्द येईना. हात थांबला की ओवी थांबे.

"फिरवू द्या मले," ती म्हणाली. "बसून सांगायले ते मले येत नाही."

पंचमीला मारुतीच्या देवळात रेचा आला. आळीचे वडीलधारे महादेवराव पाटील उभेच राहिले. तिथीच्या दिवशी धंद्याचं अवजार देवापुढे आणि वाचायला बाई, हे कधी झालं नव्हतं.

मैनाबाईने पदर सारखा केला. "मी कुठी वाचून राहिली, पाटीलबुवा? मी त सरकी काढून राहिली. आयकाचं असन त आयका."

पाटील खाली बसले.

रेचा फिरू लागला आणि परसोबा बोलू लागला. ऊन पायरीवरून गाभाऱ्यापर्यंत आलं. बाजारात निघालेली माणसं गाड्या सोडून दारात उभी राहिली, इनायतुल्लाही त्यांच्यात होता. एरवी वाचनाच्या मध्येच पेंगणारी मंडळी डोळे ताणून त्या बाईकडे पाहत होती. चारशे ओव्या एका माणसात मावतात, आणि एकतीस वर्षं कुणाला त्याचा पत्ता नसतो.

साडेतीनशेच्या पुढे ती एकदम गप्प झाली. रेचा मात्र फिरतच होता. विसरली, असं लोक कुजबुजले. खुशालरावांनी मात्र ती जागा ओळखली. ते पान वाळवीने खाल्लेलं होतं, दोन ओव्या गेलेल्या. तिथे ते दरसाल दोन ओव्यांइतका वेळ पानावर हात ठेवून मौन धरत. तिने ते मौनही पाठ केलं होतं. बरोबर दोन ओव्यांइतका दांडा फिरला आणि ती पुढची ओवी म्हणू लागली.

शेवटची ओवी संपली तेव्हा रुईचा ढीग तिच्या गुडघ्यापर्यंत आला होता. पाटलांनी त्या ढिगाला हात लावून कपाळाशी नेला.

दुसऱ्या दिवसापासून खुशालराव ओसरीवर कागद-बोरू घेऊन बसले. ती कापूस लावी, ते लिहीत. हात भरून आला की ते रेच्याला जरा हळू चालायला सांगत, आणि तीही पूर्वी आपण किती बोलणी खाल्ली ते न काढता हळू फिरवी. वाळवीचं पान आलं तशी ती गप्प झाली.

"इथं दोन ओव्या तू जोडून दे वं," खुशालराव म्हणाले. "तुले जमन."

"परसोबाच्या तोंडात मी काहून घालू?" ती म्हणाली. "तितली जागा कोरी सोडा."

त्यांनी कागदावर चार बोटं जागा सोडली आणि बोरू हातात धरून, दांडा फिरत होता तोवर तिच्याकडे पाहत बसले.